गळतीचा क्लेम नंतर. तुमच्याकडे विमा कसला आहे ते आधी बघा

प्रश्न: कोल्हापुरातल्या नागाळा पार्कातला जुना दुमजली बंगला आम्ही २०२१ च्या डिसेंबरात घेतला. पूर नुकताच येऊन गेल्यामुळे भाव बरा मिळाला. २०१९ आणि २०२१ ला खालच्या हॉलमध्ये कमरेएवढे पाणी होते, असे शेजारी सांगतात. कर्ज ३५ लाख, २० वर्षे, व्याज ९ टक्के. वरच्या बाथरूममुळे हॉलच्या छताला सात-आठ महिने ओल आहे, पोपडे पडतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, सगळे फोडून नवीन करा, १ लाख ८० हजार लागतील. बँकेने कर्ज देतानाच घराचा विमा काढला होता. त्याचा १ लाख ४० हजारांचा एकरकमी हप्ता कर्जात धरला आहे. त्यातून निदान दीड लाख मिळाले तर कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स देऊन टाकतो. वय ४६, दुसरा कुठला विमा नाही. सर्टिफिकेटचा फोटो सोबत आहे.

उत्तर: ॲडव्हान्स देऊ नका. दीड लाख सोडाच, दीड रुपयाही मिळणार नाही, कारण हा घराचा विमा नाहीच. सर्टिफिकेटवर तुमची जन्मतारीख आहे, नॉमिनी म्हणून पत्नीचे नाव आहे आणि दरवर्षी घटत जाणाऱ्या रकमेचा तक्ता आहे. घराचा पत्ता, चौरस फूट, बांधकामाची रक्कम मात्र कुठेच नाही. हा कर्जाला जोडलेला आयुर्विमा आहे. तुमचे काही बरेवाईट झाले तर त्यातून बँकेचे कर्ज फिटेल. छत गळले काय किंवा पंचगंगा हॉलमध्ये शिरली काय, या कागदाचा उपयोग शून्य.

त्याची किंमतही बघा. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखामागे साधारण ९०० रुपये हप्ता बसतो, म्हणजे या विम्यापोटी महिना १,२६० रुपये. २४० हप्त्यांचे झाले तीन लाख. बांधकाम आणि सामान धरून खरा गृहविमा वर्षाला दीड-दोन हजारांत येतो. कंपनीगणिक थोडे कमीजास्त. कर्जाच्या सह्या चालू असताना 'घराचा विमा' म्हणून हे गळ्यात मारणाऱ्यांना हा फरक चांगला ठाऊक असतो.

म्हणजे ज्या खोलीत दोनदा कमरेएवढे पाणी आले, ती खोली गेले चार पावसाळे विम्याशिवाय उभी आहे. त्यापुढे छताची ओल किरकोळ आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. तसा एक पूर आला की खालचे वायरिंग, दारे, किचनच्या ट्रॉल्या, फ्रिज, सोफा, गिलावा धरून सहा-सात लाख सहज जातात.

'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी घ्या. १ एप्रिल २०२१ पासून ती सगळ्या सर्वसाधारण विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्यांकडे ठरलेल्या नमुन्यात मिळते, आणि पूर, वादळ, आग, भूकंप तिच्यात आहेत. विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरवा, बाजारभावावर नाही, कारण जागेचा विमा उतरत नाही. कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ११०० चौरस फूट असेल तर २,५०० च्या दराने साडेसत्तावीस, म्हणजे २८ लाख धरा. सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे साडेपाच लाखांवर संरक्षण आपोआप मिळते (कमाल १० लाख). दागिन्यांसाठी वेगळे कलम घ्यावे लागते. अंगणातली गाडी यात येत नाही, तिची पॉलिसी वेगळी. अर्जात आधीच्या दोन्ही पुरांची माहिती आणि आताची ओल खरी लिहा. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी बाहेर येते. आणि हे मे महिन्याच्या आत उरका.

आता गळती. गृहविमा असता तरी हा क्लेम बसला नसता. पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून, भरून वाहून झालेले नुकसान पॉलिसीत येते: अचानक जॉइंट सुटला, हॉलचे पीओपी कोसळले, टीव्ही भिजला, असे. सात-आठ महिने झिरपणारे पाणी म्हणजे झीज आणि देखभालीचा अभाव, असेच विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) लिहिणार. शिवाय झिजलेला पाइप बदलण्याचा खर्च घरमालकाचाच. पुढे कधी खरोखर पाइप फुटला, तर व्हॉल्व्ह बंद करा, व्हिडिओ काढा, कंपनीला लगेच कळवून क्लेम नंबर घ्या आणि फुटलेला तुकडा जपून ठेवा. प्लंबर तो भंगारात टाकतो आणि पुरावा जातो.

फोडाफोडीआधी दोन-तीन हजारांची तपासणी करा. ओल चोवीस तास सारखी राहत असेल तर संशय नळाच्या लाइनवर. अंघोळीनंतरच वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (सांडपाणी जाण्याचे जमिनीतले भोक) किंवा टाइल्सच्या सांध्यांवर. लाइनची टोके प्लगने बंद करून हातपंपाने दाब द्या आणि गेज दोन तास बघा. काटा उतरला तर लाइन फुटली आहे. काटा स्थिर राहिला तर ट्रॅपचे तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी चोवीस तास साठवा आणि खालून छत बघा.

लाइन दोषी निघाली तर भिंतीतली जुनी जीआय (लोखंडी) लाइन दोन्हीकडे बंद करून तिथेच सोडा आणि बाहेरच्या भिंतीवरून नवीन सीपीव्हीसी (प्लास्टिक) लाइन घ्या. काम वीस-पंचवीस हजारांत होईल, टाइल्सही वाचतील. फक्त ट्रॅप असेल तर तेवढाच कोपरा फोडायचा. पूर्ण वॉटरप्रूफिंग उखडण्याची वेळ पाण्याच्या चाचणीत जमीनच झिरपताना दिसली तरच. छताचा रंग मात्र स्लॅब पूर्ण वाळल्यावर द्या, नाहीतर पोपडे परत येतील.

बँकेचा विमा लगेच बंद करू नका, तुमच्यामागे दुसरे काहीच नाही. आधी एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तर रक्कम देणारा साधा आयुर्विमा) घ्या. कर्ज मुदतीआधी फेडलेत तर या पॉलिसीचे सरेंडर मूल्य (मुदतीआधी बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम) मागा. न मागता ते क्वचितच मिळते. घर सोडून आयुष्याचा विमा कसा दिला, हे बँकेला आणि विमा कंपनीला लेखी विचारा, आणि इमारतीची कुठली पॉलिसी बँकेकडे जमा आहे का, तेही विचारा. विमा कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. फी लागत नाही. तीन-चार वर्षांपूर्वीच्या सहीवर पूर्ण पैसे परत मिळतील, अशी आशा मात्र धरू नका.