रात्री बारानंतरचा कॅन

"मॅडम, व्यसन लागलंय का हो त्याला?"

मी समुपदेशक आहे. एनर्जी ड्रिंकबद्दलचा हा प्रश्न हल्ली माझ्याकडे इतके पालक विचारतात, की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. दप्तरात, पलंगाखाली रिकामे कॅन सापडतात, घरात भांडण होतं आणि मुलाला माझ्यासमोर आणून बसवलं जातं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका मुलाची गोष्ट सांगते.

वय १७, वजन ५५ किलो, विज्ञान शाखा, प्रवेश परीक्षा तोंडावर. त्याच्या घरी कॅनचा कुणाला पत्ताच नव्हता. छातीत धडधड होते, हात थरथरतात, ही त्याची तक्रार. डॉक्टरांनी काढलेला ईसीजी व्यवस्थित होता, म्हणून परीक्षेची भीती समजून त्याला माझ्याकडे पाठवलं. मीही पहिल्या दोन भेटी त्या भीतीवरच घालवल्या. तिसऱ्या भेटीत तो सारखा जांभया देत होता.

"काल किती वाजता झोपलास?"

"तीनला पडलो. झोप लागायला चार वाजले असतील."

"तोवर जागा कसा राहतोस?"

"कॅन घेतो ना. एक पाचला, एक रात्री दहाला. मोठेवाले."

या कॅनमधल्या कॅफिनने नाडी जलद होते, हात थरथरतात, उगाच काहीतरी वाईट होणार असं वाटतं. भीतीतही अगदी हेच होतं आणि माणसाला आतून फरक कळत नाही. धडधड झाली की तो परीक्षेला आणखी घाबरायचा, घाबरला की रात्र वाढवायचा, रात्र वाढवायला पुन्हा कॅन. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत झोपेबद्दल आणि दिवसभरात काय काय पितोस याबद्दल विचारते. माझ्या कामातले सगळ्यात जास्त उपयोगी पडलेले प्रश्न हेच, असं मी आज नक्की म्हणेन.

मी त्याला उपदेश केला नाही. कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, "हाफ-लाइफ शिकलास ना, निम्मं उरायला लागणारा वेळ? कॅफिनची साधारण पाच तास धर. अर्ध्या लिटरच्या कॅनमध्ये साधारण १६० मिलिग्रॅम असतं, पाव लिटरच्या छोट्यात त्याच्या निम्मं. मांड हिशोब."

गणित म्हटल्यावर तो सरसावून बसला. पाच वाजता १६०. दहाला त्यातले ८० उरले, वर नवे १६०, म्हणजे २४०. पहाटे तीनला १२०. सकाळी आठला ६०. पेन्सिल थांबली.

"म्हणजे मी झोपायला जातो तेव्हा माझ्या अंगात दीड छोटा कॅन असतो?"

"असतो."

"आणि वर्गात बसतो तेव्हाही पूर्ण उतरलेलं नसतं."

युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली मुलांसाठी आणि किशोरांसाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. त्याच्यासाठी ती १६५ होते. तो ३२० घेत होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०११ सालीच सांगितलं, की मुलांच्या आणि किशोरांच्या आहारात या पेयांना जागाच नाही. शिवाय एका मोठ्या कॅनमध्ये ५० ग्रॅमच्या वर साखर असते. 'शुगर फ्री' घेतलं तर साखर टळते, कॅफिन तेवढंच राहतं.

पण आकडे कळले म्हणून कॅन सुटला नाही. पालक इथेच थकतात. "सगळं समजतं हो त्याला, तरी पितो." माझी वर्षानुवर्षांची धारणा अशी आहे, की कुठलीही सवय माणसाचं काहीतरी काम करत असते. ते काम कोणतं हे कळेपर्यंत सवयीला हात लावू नये. म्हणून पुढच्या भेटीत विचारलं, "कॅन नसता तर रात्रीतलं तुझं काय गेलं असतं?"

"अभ्यास," तो पटकन म्हणाला. मी काही बोलले नाही. बराच वेळ तो नखं कुरतडत राहिला.

"अभ्यास साडेअकरालाच संपतो, मॅडम. पण रात्री बारानंतर मला कुणी काही विचारत नाही."

किती झालं, किती राहिलं, मार्क किती, कुठे निघालास. सकाळपासून झोपेपर्यंत हेच. बारा ते तीन तो चित्रं काढायचा, मित्राशी बोलायचा, कधी नुसता खिडकीशी बसायचा. तेवढे तीन तास त्याचे स्वतःचे होते आणि थकलेल्या शरीराला तिथवर ओढून न्यायला त्याला कॅन लागत होता. हे आधी कुणाला सांगितलं नव्हतं, बहुधा स्वतःलाही नाही. त्या वाक्यानंतर त्याचे खांदे खाली आलेले मी पाहिले. अशा क्षणांसाठीच मी हे काम करते.

त्याच्या परवानगीने आईला बोलावलं. 'व्यसन' हा शब्द बाजूला ठेवू या, असं आधीच सांगितलं. मग मागितलं ते एवढंच, की संध्याकाळचा दीड तास त्याला कुणी काहीही विचारायचं नाही.

"आणि अभ्यास?" त्यांचे डोळे भरून आले होते.

"ताई, तो वेळ तो आजही घेतोय. फक्त झोपेतून घेतोय."

कॅन एकदम बंद करायला मी सांगितलं नाही. रोज घेणाऱ्याने अचानक सोडलं तर १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं, चिडचिड होते, मरगळ येते. हा त्रास आठवडाभरही टिकू शकतो आणि मुलाला वाटतं, आपलं याशिवाय चालतच नाही. म्हणून आधी रात्री दहाचा मोठा कॅन छोटा केला, मग तो दुपारी आणला, मग एक दिवसाआड. तीन आठवडे लागले.

तुमच्या घरी असंच असेल तर दप्तर तपासू नका. कधी घेतोस, तेव्हा काय चाललेलं असतं, हे शांतपणे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, ठोके अनियमित होणं असेल किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, तर समुपदेशकाआधी डॉक्टर गाठा. मोठ्या मुलांशी दारूत हे पेय मिसळण्याबद्दल स्पष्ट बोला. कॅफिनमुळे नशा चढल्याचं जाणवत नाही, दारू मात्र अंगात तेवढीच असते.

दोन महिन्यांनी आई एकट्याच भेटायला आल्या. तो साडेअकराला झोपतो म्हणाल्या, धडधडही क्वचितच. संध्याकाळी खोलीचं दार बंद असतं.

"आत काय करतो, विचारलं नाही हं मी," त्या म्हणाल्या. "परवा त्यानेच बाहेर येऊन चित्र दाखवलं."