माळ्यावरच्या पेटीत सापडलेल्या जुन्या रेकॉर्ड घरी कशा स्वच्छ कराव्यात?

कोकणातल्या घराच्या माळ्यावरील पेटीत आजोबांच्या साठ-सत्तर रेकॉर्ड सापडल्या, त्यांवर पांढरी बुरशी आहे, आणि एका परिचितांनी स्पिरिटने पुसण्याचा सल्ला दिला, असे आपण लिहिले आहे. माझी विनंती अशी की, स्पिरिटची बाटली तूर्त बाजूला ठेवावी. आपल्या पेटीत बहुधा दोन वेगवेगळ्या पदार्थांच्या तबकड्या एकत्र आहेत, आणि ज्या द्रवाने एक स्वच्छ होते त्याच द्रवाने दुसरी कायमची बाद होते.

मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या तबकड्या लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाच्या असतात. ही लाख म्हणजे सुतार पॉलिशसाठी वापरतात तीच, आणि पॉलिश करताना ती स्पिरिटमध्येच विरघळवतात, हे लक्षात घेतले की धोका वेगळा सांगावा लागत नाही. मी हे अनुभवाने शिकलो. संग्रहाची सुरुवात असताना नाट्यसंगीताची एक ७८ मी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली; बोळा काळा झाला तसा मळ निघत असल्याचा मला आनंद झाला, आणि तबकडी वाळल्यावर कळले की निघाला होता तो मळ नव्हता, गाणे कोरलेल्या खाचांचा पृष्ठभाग होता. त्या बाजूवर आता गायकापेक्षा खरखर मोठी ऐकू येते.

ओळखण्याची रीत सोपी आहे. लाखेची तबकडी जाड, जड आणि ताठ असते, हाताने वाकत नाही, हातातून पडली तर काचेसारखी फुटते, आणि कडेवर नखाने टिचकी मारली तर टणक आवाज येतो. दुसरा प्रकार व्हिनाइलचा, म्हणजे एका प्लॅस्टिकचा; ती तबकडी हलकी असते, किंचित लवते आणि टिचकीला बद्द वाजते. लेबलवर फेऱ्यांचा ७८, ४५ किंवा ३३⅓ असा आकडा बहुतेक वेळा छापलेला असतो; ७८ बहुधा लाखेची, बाकीच्या व्हिनाइलच्या. मात्र गाणे कोणत्या काळातले आहे यावरून अंदाज बांधू नये. व्हिनाइलची एल.पी., म्हणजे ३३⅓ फेऱ्यांची जास्त वेळ वाजणारी तबकडी, अमेरिकेत १९४८ साली आली असली, तरी भारतात लाखेच्या ७८ साठच्या दशकातही निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८ वर मिळत. शंका राहिली तर ती तबकडी लाखेची आहे असेच धरून चालावे.

बुरशीचे काम घराबाहेर, नाकातोंडाला मास्क लावून करावे, आणि त्यासाठी वेगळा ब्रश ठेवावा, कारण तिचे बीजाणू निरोगी तबकड्यांवरही जाऊन बसतात. पावसाळा चालू असेल तर घाई करू नये. ओली तबकडी दमट हवेत नीट वाळत नाही आणि महिन्याभरात बुरशी पुन्हा धरते. ऑक्टोबरातल्या कोरड्या हवेची वाट पाहणे हाच मला उत्तम उपाय वाटतो. तोवर कुजकी कागदी पाकिटे तेवढी काढून टाकावीत. लेबल किंवा मजकूर असलेली मूळ कव्हरे मात्र टाकू नयेत. ती थोडा वेळ उन्हात ठेवून कोरड्या ब्रशने झटकावीत. तबकडीला ऊन कधीही दाखवू नये, ती वाकते.

आता धुणे. नळाचे पाणी वापरू नये, कारण ते वाळल्यावर त्यातला क्षार खाचेत उरतो आणि मग तोच वाजतो. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर चालते. एक लिटर पाण्यात भांडी धुण्याच्या साध्या, रंग आणि सुगंध नसलेल्या द्रव साबणाचे तीन-चार थेंब पुरेत. अधिक साबण म्हणजे अधिक स्वच्छता असा आपला समज असतो. इथे तो उलटा पडतो. तबकडी जाड टॉवेलवर आडवी ठेवून, आधी कोरडी धूळ झटकून, मखमलीच्या तुकड्याने किंवा नव्या मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोलाकार पुसावे. केंद्राकडून कडेकडे आडवे घासणे टाळावे. लेबलाभोवती बोटभर जागा कोरडी सोडावी, कारण जुन्या लेबलांची शाई ओघळते आणि ते पुन्हा सुधारता येत नाही. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने हेच दोनदा करावे, मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्यावे आणि तबकडी उभी करून वाळवावी. आमच्याकडे जुने ताटाळे या कामाला आहे. त्याच्या गजांना सुती कापड गुंडाळले आहे.

व्हिनाइलवर बुरशी चिवट असेल तर चार भाग पाण्यात एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळण्यास माझी हरकत नाही; काही जाणकार तेही टाळतात. लाखेसाठी मात्र अल्कोहोलचा एक थेंबही नको, आणि अ‍ॅसिटोन तर दोन्हींनाही नको. लाखेची तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नये, पुसून लगेच कोरडी करावी. तडा गेलेली असेल तर ओली करूच नये, कारण पाणी आतल्या भुकटीत शिरते. काही कंपन्यांच्या तबकड्यांच्या पोटात तर कागदाचे थर असतात. चमक यावी म्हणून खोबरेल तेल लावण्याची एक जुनी खोड अनेक घरांत आहे, तिने धूळ तेवढी चिकटते.

सगळे करूनही काही ७८ च्या खाचा राखाडी दिसत राहतील. तो मळ नाही, झीज आहे. पोलादी पिनने शेकडो वेळा वाजवलेल्या तबकडीचा काळा पृष्ठभाग जातो, आणि तो धुऊन परत येत नाही, म्हणून तिथे घासत बसू नये.

सुईबद्दल एक गोष्ट, कारण स्वच्छ केलेली रेकॉर्ड पहिल्याच दिवशी खराब झाल्याचे मी पाहिले आहे. ७८ ची खाच रुंद, सुमारे ७५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टोकाला जुळणारी, एल.पी.ची त्याहून पुष्कळ अरुंद, जिला सुमारे १८ मायक्रॉनचे टोक लागते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन व्हिनाइलवर एकदाही टेकवू नये. वीस मिनिटांच्या एका बाजूवर सुई साडेसहाशेहून अधिक फेरे मारते. तिच्या टोकाला धूळ चिकटली असेल तर ती तेवढा सगळा वेळ खाचेला घासत जाते, म्हणून वाजवण्यापूर्वी बारीक ब्रशने सुई मागून पुढे, म्हणजे टोनआर्मकडून (सुई धरणाऱ्या दांड्याकडून) आपल्याकडे, हलकेच झटकावी.

ठेवताना तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक नव्हे. लाखेच्या फार जड असतात, म्हणून कप्पा मजबूत आणि मधल्या उभ्या फळ्या जवळजवळ हव्यात, नाहीतर तबकड्या तिरक्या होऊन वाकतात. आतले पाकीट नवे आणि पॉलिथिनचे किंवा आम्लरहित कागदाचे असावे. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या व्हिनाइलला वर्षानुवर्षे चिकटून राहिल्या की पृष्ठभागावर धुकट डाग पडतात. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या अधूनमधून गरम करून कोरड्या करून घ्याव्यात.

सुरुवात पेटीतल्या ज्या तबकडीचे आपल्याला सर्वांत कमी मोल वाटते तिच्यापासून करावी, आणि आजोबांची आवडती जी असेल ती हात बसेपर्यंत तशीच राहू द्यावी.