पाण्यापलीकडच्या शाळेवर रुजू होताना

नव्या सोबत्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, जिल्हा परिषदेच्या शाळेवर तुझी नेमणूक झाली. तिथे शिकवण्याआधी वाटेची जबाबदारी येते. मूल घरून निघाल्यापासून परत पोचेपर्यंतचं पाणी आणि रान तुझ्या वेळापत्रकात धर.

पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाची वाट स्वतः चालून बघ. वहीत चार रकाने पाड: घर ते होडी, पाण्यावरचा वेळ, उतरून शाळेपर्यंत, आणि वाट कोणत्या महिन्यात बंद. धरण साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात भरतं आणि मेपर्यंत उतरत जातं, त्यामुळे होडी लागायची जागाच सरकते. पाणी मागे गेलं की मधे चिखल उरतो, ओल्या उतारावर लहान पाय घसरतात. म्हणून ही वही वर्षातून दोनदा नव्याने भर.

ती पुढे फार कामी येते. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंत १ किमी आणि सहावी ते आठवीसाठी ३ किमीच्या आत शाळा हवी. पट कमी म्हणून शाळा दुसरीकडे जोडायचा विषय निघाला की नकाशावर सरळ रेघ ओढली जाते. पाण्यावरून पलीकडची शाळा जवळ दिसते, काठाने वळसा घेतला तर तीच कितीतरी लांब. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात पायी अंतर, पाण्यावरचं अंतर आणि वाट बंद राहण्याचे दिवस वेगवेगळे लिही. वाहतूक सुविधेची मागणीही त्यातच घाल. केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठव आणि पोच फाईलला लाव. जावळीतल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, याची २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. बाकीच्या वाड्यांची दखल तुझ्या-माझ्यासारख्यांनी वेळेवर लिहिलेल्या कागदांतूनच घेतली जाते.

लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे माग. मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. बंद लावल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढ; कानापर्यंत आलं तर ते त्याचं नाही. दोन पायांमधून घ्यायचा पट्टा असेल तर उत्तम. दप्तर पाठीवर नको, होडीत पायाशी ठेवायला सांग. काठ जवळ आला की सगळी पोरं एकदम एका बाजूला उठतात आणि होडी नेमकी तिथेच कलते, म्हणून एकेकाचं नाव घेऊन उतरव. वारा उठला, किंवा धुक्यात समोरचा काठ दिसेना, तर होडी सुटू द्यायची नाही. त्या दिवशीच्या गैरहजेरीबद्दल मुलाला एक शब्दही बोलू नकोस. बोललास तर पुढच्या वादळात ते तुझ्या भीतीने निघेल.

पोषण आहाराचा हिशेब सोपा आहे: पाचवीपर्यंत मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे १२ मुलांना २४ दिवसांचे २८ किलो ८०० ग्रॅम. पावसाआधी साठा पोचेल असं बघ. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेव. इथल्या पावसात भिंती पाझरतात, आणि टेकलेल्या बाजूचा तांदूळ आधी कुबट होतो.

संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार ते, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख जनरल रजिस्टरशी, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीशी जुळते का, हे शाळा उघडताच तपास. दुरुस्तीसाठी पालकांना तालुक्याला जावं लागतं, आणि भातलावणीत तो एक दिवस त्यांना परवडत नाही.

शेवटच्या वर्गातल्या मुलीचं पुढे काय, हे जानेवारीतच तिच्या घरी जाऊन विचार. मेमध्ये विचारलंस तर तिचं शिक्षण थांबवायचं ठरून गेलेलं असतं. वसतिगृहाचा अर्ज आईबापांसोबत बसून भर, शाळा सोडल्याचा दाखला तयार ठेव, आणि जूनमध्ये नव्या शाळेला फोन करून ती पोचली का ते विचार.