कोल्हापुरात भर पावसाचे दोन दिवस आणि देऊळ-रंकाळा-पन्हाळा झालेला असताना दिवसा काय करायचं?

तुम्ही विचारलंय की जुलैअखेरीस दोन दिवस कोल्हापुरात आहोत, पाऊस थांबणार नाही असंच धरून चाललोय, अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा मागच्या खेपेला झालंय, तर दिवसा काही वेगळं करता येईल का. त्याखाली एकानं लिहिलंय, "पावसाळ्यात कोल्हापुरात काही नाही. मिसळ खा, तांबडा-पांढरा ओरपा आणि खोलीवर झोपा." ते वाचलं आणि लिहायला बसलो. हेच वाक्य माझे ठाण्याचे साडू गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशात मला ऐकवत आलेत.

आधी सरळ उत्तर. जुलैअखेरीला येताय तर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत जा. गणपतीचं काम तेव्हा ऐन भरात असतं. स्टँडवरून चालत जाता येतं. जेवून जा आणि निदान दोन तास तिथून हलू नका. गंगावेश, पापाची तिकटी, बापट कॅम्प, यांपैकी कुठंही गेलात तरी हेच काम बघायला मिळेल, पण मी शाहूपुरीचा, म्हणून शाहूपुरी सांगतोय.

साडू सहकुटुंब आले ते असल्याच पावसात. सोबत मेव्हणी आणि त्यांची मुलगी, तेव्हा आठवीत होती. त्यांची फिरायची पद्धत ठरलेली असते. मोबाइलमध्ये पॉइंटांची यादी, प्रत्येक पॉइंटला वीस मिनिटं, फोटो, पुढचा पॉइंट. मी आदल्या रात्री सांगितलं की धुकं आहे, पन्हाळ्यावर काही दिसणार नाही. तरी गेले. तीन दरवाजापाशी समोरचा माणूस दिसेना. सज्जाकोठीवर उभं राहिलं की खालचं खोरं दिसतं, तिथं नुसतं पांढरं. वर शनिवार होता, त्यामुळं घाटात गाड्यांची रांग. संध्याकाळी चिंब भिजून परत आले आणि जेवताना म्हणाले, "तुमच्या गावात पावसात यायचं म्हणजे दिवस फुकट."

मला हे लागलं. पन्हाळ्याच्या धुक्याला नावं ठेवली असती तर मी काही बोललो नसतो. त्यांनी गावालाच नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून धार धरलेली. साडू टीव्हीसमोर पाय पसरून बसलेले. मी म्हटलं, चला, जवळच जाऊ. माझं लहानपण त्या गल्लीच्या तोंडाशी गेलंय. शाळा सुटली की दप्तर घरात टाकून आम्ही पोरं कुंभारांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, जाऊन बसायचो, आणि कुणी आम्हाला हाकललं नाही. ज्या घरात त्यांना नेलं तिथल्या मावशी मला चड्डीत असल्यापासून ओळखतात.

सोप्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. जमिनीपासून तुळईपर्यंत फळ्या आणि फळ्यांवर मूर्ती. काही नुसत्या मातकट, काहींना पांढरा हात दिलेला, काहींचं अंग रंगवून झालेलं आणि डोळे कोरे. गल्लीत बाहेर प्लास्टिकचा कागद ताणून बांधलेला, त्यावर पावसाचा एवढा आवाज की मोठ्यानं बोलावं लागत होतं. आत पिवळे दिवे लोंबत होते आणि टेबलफॅनची तोंडं मूर्तींकडं वळवलेली.

साडूंनी विचारलं, दिवसा दिवे कशाला. तिथून मावशी बोलायला लागल्या. शाडूची मूर्ती उन्हाळ्यात आपोआप वाळते. पावसाळ्यात हवेतच ओल असते, त्यामुळं माती पाणी सोडायला तयार नसते. दिवा जवळ नेऊन घाई केली तर वरून वाळते, आतून ओलीच राहते आणि मग तडकते. मान आणि मनगट आधी जातं, कारण तिथं माती पातळ. म्हणून दिवा लांब ठेवायचा आणि मूर्ती थोड्या थोड्या वेळानं फिरवायची, म्हणजे सगळ्या अंगानं सारखी वाळते. हे सगळं सांगताना त्यांचा हात थांबला नव्हता. साच्याच्या दोन भागांची जिथं जोड येते तिथं मूर्तीच्या कडेनं एक रेघ उठते. ती रेघ मावशी ओल्या कुंचल्यानं पुसत होत्या, मूर्तीमागून मूर्ती.

मी स्वतः उद्यमनगरात लेथवर काम करतो. लोखंडाचा तुकडा किती तापला, किती कापायचा, हे माझ्या हाताला कळतं. त्यामुळं मातीतली ओल हातानं ओळखणारा माणूस समोर बसला की मला तिथून उठवत नाही. हे फोटोत येत नाही. त्यासाठी बसावंच लागतं.

मुलीनं विचारलं, हात लावू का. मावशी म्हणाल्या, "मूर्तीला नको. हात धू आणि बस हितं, मी दावतो." (आमच्याकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, मुलगी क्षणभर बघतच राहिली.) मातीचा गोळा दिला आणि उंदीर कर म्हणाल्या. तिनं केला, त्याचा पाय निघाला. पाय नुसता दाबून बसत नाही, दोन्हीकडं ओरखडे काढायचे, पातळ केलेली माती लावायची आणि मग दाबायचा. तो उंदीर उभा राहीपर्यंत तासभर गेला आणि त्या तासात तिनं मोबाइल काढला नाही.

आतल्या खोलीच्या दारात त्यांचा थोरला मुलगा डोळ्यांची आखणी करत होता. त्या घरात आखणी तो एकटाच करतो. दिव्याच्या उजेडात करत नाही, दाराशी येऊन ढगाळ असला तरी दिवसाचाच उजेड घेतो. श्वास रोखून बुबुळाची कड काढतो आणि मग श्वास सोडतो. तेव्हा त्याच्याशी कुणी बोलत नाही, घरातली लहान पोरंही नाहीत.

आणि मग साडूंनी भिंतीकडं बोट करून विचारलं, ही रेघ कसली. छातीएवढ्या उंचीवर चुन्यातच एक तपकिरी पट्टा होता. ते २०१९ च्या ऑगस्टमधलं पाणी. त्याच्या वर आणखी एक, ते २०२१ च्या जुलैचं. त्या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फुटांच्या वर मजल मारली होती. धोक्याची पातळी ४३ आहे. २०१९ ला चतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणजे पूर आला तेव्हा मूर्ती जवळजवळ तयार. माळ्यावर चढवता आल्या तेवढ्या चढवल्या, शेजारच्या वरच्या मजल्यावर दिल्या, बाकीच्यांचा सोप्यातच चिखल झाला. शाडू ती, पाण्यात दुसरं काय होणार. मावशींनी हे सांगताना आवाज चढवला नाही. पाणी उतरल्यावर गल्ली धुतली आणि उरलेल्या दिवसांत जेवढं जमलं तेवढं पुन्हा केलं, एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, आता तरी माणूस काही बोलेल. साडूंनी घड्याळ बघितलं, एका मूर्तीमागं किती सुटतात ते विचारलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "बघण्यासारखं काय होतं? आम्हाला पेणचे गणपती दारात मिळतात."

पेणच्या मूर्तीबद्दल मला आदरच आहे. पण ठाण्याच्या दुकानात ती येते तेव्हा ती पूर्ण झालेली असते. ती ओली असताना कुणी किती वेळा फिरवली, हे दुकानात कसं दिसणार? पर्यटन म्हणजे तयार झालेली वस्तू बघणं, ही साडूंची समजूत आहे आणि ती मला मान्य नाही. पाऊस लागला म्हणून हे गाव झोपत नाही. कामं सोप्यात, तालमीत, माडीवर चालू असतात, आणि परक्या माणसानं दारात उभं राहून विचारलं तर बहुतेक ठिकाणी या, बसा म्हणतात. यासाठी तिकीट नसतं, म्हणून ते यादीत येत नाही.

आता बाकीचं.

कुस्तीची तालीम बघा. गंगावेश किंवा मोतीबाग, दुपारी तीन-चारनंतर. खासबागचं मैदान पावसात रिकामं असतं, पण तालमीतली माती कोरडीच असते. त्या तांबड्या मातीत तेल, हळद, ताक, लिंबू मुरवलेलं असतं आणि भर पावसात तिचा वास दारापर्यंत येतो. आधी वस्तादांना विचारा, चपला बाहेर काढा, हौद्याच्या, म्हणजे आखाड्याच्या, कडेला पाय लावू नका. बाईमाणसांना आत घ्यायची रीत बऱ्याच तालमींत नाही. मला ते पटत नाही, पण दारात जाऊन अपमान नको म्हणून आत्ताच सांगितलं.

टाऊन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय. लोक समोरच्या बागेत बसतात आणि आत जात नाहीत. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झालं, तिथं मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती बघायला जा. समुद्रापासून एवढ्या आत, घाटावर, दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराची खूण सापडलीय. सोमवार टाळा.

राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. मराठी सिनेमातले नायक म्हणून नाव झालं, पण ते बाबूराव पेंटरांचे शिष्य, हाडाचे चित्रकार. त्यांचं राहतं घरच संग्रहालय झालंय. पावडर शेडिंगची चित्रं बघताना घाई करू नका. बाहेर पाऊस आणि आत ती निसर्गचित्रं, यापेक्षा चांगली दुपार मला तरी माहीत नाही. तिथं फार कुणी जात नाही याचं मला वाईट वाटतं.

तुमच्या तारखा आषाढात येत असतील तर मंगळवार किंवा शुक्रवार अजिबात सोडू नका. त्या दिवशी गल्ल्यागल्ल्यांतून पंचगंगेचं नवं पाणी घागरींतून टेंबलाईच्या टेकडीवर नेतात, पुढं पी-ढबाक वाजत असतं. पावसात भिजत, डोक्यावर घागर घेतलेल्या बायका आणि पोरी रस्ताभर दिसतात. हा कार्यक्रम पाहुण्यांसाठी केलेला नसतो, गावासाठी असतो. बाजूनं चालत जा. त्यानंतर गल्लीत मटणाचे वाटे पडतात, कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका.

आणि पाणी बघायला जाणं. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. पावसाळ्यात इथं सकाळी पहिला प्रश्न असतो, किती फुटांवर आहे? राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की बातमी तासाभरात गावभर होते. पाणी शिवाजी पुलाच्या कमानींना भिडत गेलं की म्हातारी माणसं 'मच्छिंद्री झाली का', म्हणजे पाणी कमानींपर्यंत चढलं का, असं विचारतात. लोक छत्र्या घेऊन, कणसं खात, पोरांना खांद्यावर घेऊन नदी बघायला जातात. माझ्या वडिलांचा हात धरून मी गेलोय, माझी मुलं माझा हात धरून गेलीत.

काय करू नका तेही सांगतो. जुलैत कुणी गुऱ्हाळ दाखवतो म्हणाला तर जाऊ नका, गुऱ्हाळाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. चप्पल लाईनीतून पायताण जरूर घ्या, पण तिथंच पायात घालून चिखलातून चालू नका. कातडं पाणी पिऊन फुगतं, आणि नंतर लोक कारागिराला नावं ठेवतात. गावी नेऊन कोरड्यात घाला.

कुंभार गल्लीबद्दल दोन-चार गोष्टी राहिल्या. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा त्यांना पाणी प्यायला वेळ नसतो. फोटो विचारून काढा, आखणी चालू असताना अजिबात नको. तासभर बसलात तर एखादी लहान मूर्ती घ्या किंवा इसार देऊन ठेवा, आणि तिथं दर पाडून मागू नका. साडूंनी मागितला होता, मला मान खाली घालावी लागली.

निघायच्या आदल्या रात्री राजाराम बंधाऱ्याची पातळी नक्की बघा, जिल्हा प्रशासन रोज जाहीर करतं. ३९ फूट ही इशारा पातळी. तिथं पोचली असेल तर मी वर लिहिलेलं नदीकाठचं सगळं विसरा, पोलिसांनी कठडे लावले असतील तिथून मागं फिरा, आणि शाहूपुरीतही कुणाच्या सोप्यात जाऊन बसू नका, कारण ते लोक मूर्ती माळ्यावर चढवत असतील. ४३ कडं जात असेल तर मुक्काम वाढवायची तयारी ठेवा नाहीतर एक दिवस आधी निघा. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं होतं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद होती.