प्रार्थना करा आणि कामगार कार्यालयातही जा

तुमच्या चर्चचे पाळक बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायाचा दाखला देतात: अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, मोर्चे-निवेदनांत पडू नका, प्रार्थना करा. मग ख्रिस्ती माणसानं अन्यायाविरुद्ध बोलावं की नाही, असं तुम्ही विचारलंय. मी नागपूरचा, चर्चच्या मंडळीतच लहानाचा मोठा झालोय. माझ्या मते बोलायलाच पाहिजे.

ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल फिलिप्पै शहरात कसा वागला, ते प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये वाचा. चौकशी न करता त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चारचौघांत फटके मारून तुरुंगात टाकलं. दिवस उजाडल्यावर अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या यांना. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, मारलंत उघड आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं. आणि त्यांना यावं लागलं! मध्यरात्री त्याच तुरुंगात प्रार्थना करत स्तोत्रं गाणारा माणूस हाच.

आपल्याकडे पंडिता रमाबाई आहेत. राज्यकर्ते ख्रिस्ती, बाईही ख्रिस्ती. तरी १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात सरकारी बंदोबस्तात बायकांचे जे हाल झाले, त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्टनी ते फेटाळलं, तो भाग वेगळा.

आमच्या मंडळीतल्या एक काकू ठेकेदाराकडे साफसफाईचं काम करतात. पगार बँकेत पूर्ण जमा व्हायचा, पण एटीएम कार्ड ठेकेदाराच्या माणसाकडे. तो दर महिन्याला पैसे काढून उरलेले काकूंच्या हातावर टेकवायचा. प्रार्थनासभेत त्यांच्या 'आर्थिक अडचणी'साठी प्रार्थना व्हायची. याकोबाच्या पत्राचा ५वा अध्याय याला अडचण म्हणत नाही. कापून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं म्हणतो. महिला मंडळानं पासबुकात नोंदी करून घेतल्या आणि काकूंना घेऊन कामगार कार्यालय गाठलं. कार्ड परत मिळालं; कापलेल्या पैशांसाठी अजून खेटे चालू आहेत.

आणखी एक, हे मला फार लागतं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातीत धरले जात नाहीत. शिखांसाठी तो १९५६ला बदलला, बौद्धांसाठी १९९०ला. आपला प्रश्न तसाच आहे. त्यासाठी आपण निवेदनं देतो, ती द्यायलाच हवीत. पण मंडळीत सोयरीक जुळवताना हळूच जात विचारली जाते, त्यावर व्यासपीठावरून किती उपदेश ऐकलेत तुम्ही?

पाळकांशी वाद घालत बसू नका. असं एखादं पासबुक त्यांच्यासमोर ठेवा आणि सोबत चला म्हणा. आमचे आले होते. त्यांची पाळकाची कॉलर बघून ठेकेदाराच्या माणसाचा आवाज लगेच खाली आला.