टर्मिनलवरून साइटचं सर्टिफिकेट कसं तपासायचं आणि ते संपण्याआधी कसं कळेल?

तुम्ही चार-पाच साइट सांभाळता आणि दर वेळी ब्राउझर उघडून एचटीटीपीएस सर्टिफिकेटची संपायची तारीख बघायचा कंटाळा आलाय, शिवाय ते संपण्याआधी आपोआप कळायला हवंय. दोन्ही तपासण्या ओपनएसएसएल या टर्मिनलवरच्या टूलने होतात.

त्यातली 'एस_क्लायंट' ही कमांड सर्व्हरशी जोडणी करते. 'कनेक्ट' पर्यायात डोमेन आणि पोर्ट 443 द्या, 'सर्व्हरनेम'मध्ये पुन्हा तेच डोमेन. एका आयपीवर अनेक साइट असतील तर कुठलं सर्टिफिकेट द्यायचं हे सर्व्हरला त्या नावावरूनच कळतं. इनपुट डेव्ह-नल या रिकाम्या फाइलमधून द्या, नाहीतर कमांड तुमच्या टायपिंगची वाट बघत बसते. आउटपुट पाइपने ओपनएसएसएलच्याच 'एक्स509' या सर्टिफिकेट वाचणाऱ्या कमांडकडे पाठवून 'नोआउट' आणि 'एंडडेट' लावलं की एका ओळीत शेवटची तारीख मिळते. वेळ जीएमटीत असते.

आपोआप कळण्यासाठी 'एंडडेट'ऐवजी 'चेकएंड' वापरा आणि पुढे सेकंद लिहा. 14 दिवसांचे 1209600. तेवढ्यात सर्टिफिकेट संपणार असेल तर एक्झिट कोड 1 येतो, नसेल तर 0. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत, हे रोज चालवा, 0 नसेल तर मेल पाठवा. सर्टिफिकेट आपोआप नवं करणारा सर्टबॉट 90 दिवसांचं सर्टिफिकेट साधारण 30 दिवस उरले की बदलतो, त्यामुळे 14 दिवसांवर मेल आला तर नूतनीकरण कुठेतरी अडलंय हे नक्की.

हे तपासणं दुसऱ्या मशीनवरून, नेटवर्कमधूनच करा. डिस्कवरची फाइल नवी असते, पण एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड झालेला नसतो आणि लोकांना जुनंच सर्टिफिकेट मिळत राहतं. फाइल बघून हे कधीच कळत नाही.

तारीख ठीक असूनही गाडी अडते ती मधल्या सर्टिफिकेटवर, म्हणजे साइटचं सर्टिफिकेट मूळ विश्वासू संस्थेशी जोडणाऱ्या दुव्यावर. ब्राउझरमध्ये साइट छान उघडते, कारण बरेच ब्राउझर मधलं सर्टिफिकेट स्वतः मिळवतात. कर्ल हे टर्मिनलवरचं टूल किंवा मोबाइल अ‍ॅप मात्र नकार देतं. एस_क्लायंटच्या आउटपुटमध्ये 'व्हेरिफाय रिटर्न कोड' शोधा. 0 हवा. 21 दिसला तर बहुतेक वेळा सर्व्हरला मधल्या सर्टिफिकेटसह असलेल्या 'फुलचेन'ऐवजी नुसती 'सर्ट' फाइल दिलेली असते. एस_क्लायंट अशी चूक दिसूनही जोडणी चालूच ठेवतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये 'व्हेरिफाय_रिटर्न_एरर' घाला. डोमेनचं नावही तो आपणहून पडताळत नाही, त्यासाठी 'व्हेरिफाय_होस्टनेम' द्या.

मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे मेल जून 2025मध्ये बंद केले, आणि मार्च 2029पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत 47 दिवसांवर येणार आहे. क्रॉनची ती ओळ आजच टाका.