प्रश्न तुमचे : फाइलवर ‘ब्रेडन १४’ लिहिलं होतं

प्रश्न : सिस्टर, माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, साखरेचा त्रास आहे. पावसाळ्यात मोरीत पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, पण तिसऱ्या दिवशी माकडहाडावर जांभळा डाग दिसला आणि पुढे त्याची जखम झाली. उजव्या टाचेवरही फोड आला. ड्रेसिंग करता करता दिवाळी उजाडली. वॉर्डात म्हणाले, ‘वय आहे, होतंच.’ माझे दीर म्हणतात, ऑपरेशन थिएटरमधल्या हीटरनं भाजलं. नंतर कागद चाळताना भरती झाल्या दिवशीची ‘ब्रेडन १४’ अशी नोंद सापडली. म्हणजे आधीच कळलं होतं का? आता संक्रांतीनंतर त्यांचा डावा गुडघा बदलायचा आहे. शेजारच्या काकू सांगतात, टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवा, पाठीला स्पिरिट-पावडर चोळा. काय करू?
— एक सूनबाई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, हो, धोका आहे एवढं त्या दिवशी कळलं होतं. १४ लिहिणाऱ्या सिस्टरनं तिचं काम बरोबर केलं. त्या आकड्यावरून पुढे काय करायचं, हे ठरायला हवं होतं. इतकी वर्षं हाडांच्या वॉर्डात काढल्यावर ‘वय आहे, होतंच’ हे वाक्य मला आजही सहन होत नाही. हा बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहून हाडावरच्या कातडी-मांसावर दाब येऊन होणारी जखम. बहुतेक बेडसोर टाळता येतात.

ब्रेडन हा बेडसोरचा धोका मोजायला अमेरिकेतल्या दोन परिचारिका-संशोधकांनी तयार केलेला तक्ता. तो १९८७ साली प्रसिद्ध झाला आणि आपल्याकडेही बऱ्याच हॉस्पिटलांत भरतात. त्यात सहा गोष्टी बघतात : दुखलेलं-टोचलेलं जाणवतं का, त्वचा ओली राहते का, पेशंट चालतो की पडून असतो, पडल्या जागी स्वतः कूस बदलतो का, जेवण किती जातं, आणि गादीवर अंग घासतं-घसरतं का. शेवटच्या बाबीला जास्तीत जास्त ३ गुण, बाकी पाचांना ४. एकूण २३. इथे गुण जितके कमी, तितका धोका जास्त. १८ किंवा खाली आलं की धोका सुरू. १३-१४ म्हणजे मध्यम, १० ते १२ म्हणजे जास्त, ९ किंवा त्याखाली फारच जास्त.

खुबा मोडून आलेल्या, शुद्धीवर असलेल्या आजींचा तक्ता साधारण असा भरतो : जाणीव ३, ओलावा ३, चालणं १, कूस बदलणं २, जेवण ३, घासणं २. झाले १४. मात्र ही मोजणी भरतीच्या वेळची. दुसऱ्या दिवशी कमरेतून इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालं की कमरेखाली काही तास काहीच कळत नाही, म्हणून जाणिवेचा एक गुण गेला. स्वतः हलताच येत नाही, म्हणून तिथलाही एक गेला. बारा. मध्यम धोक्याचा पेशंट जास्त धोक्यात गेला, आणि फाइलवर मात्र जुनेच १४. त्यामुळे माझा आग्रह एकच असतो : ऑपरेशनहून वॉर्डात परत आल्याबरोबर तक्ता पुन्हा भरा, आणि बेरजेवर थांबू नका, गुण कुठल्या रकान्यात गेले ते बघा. बेरीज फसवते. आमच्या वॉर्डात एक निवृत्त मास्तर होते, साखरेचे पेशंट. बेरीज १७, म्हणजे धोका थोडाच, म्हणून सगळे निश्चिंत. पण साखरेमुळे पावलांची जाणीव गेलेली. टाच काळी पडेपर्यंत त्यांनी एकदाही ‘दुखतंय’ म्हटलं नाही.

दुसरी उणीव म्हणजे हा तक्ता ऑपरेशनचं टेबल बघतच नाही. टेबलावर माणूस दोन-तीन तास एकाच स्थितीत असतो, खालची गादी पातळ, भुलीनं रक्तदाब उतरलेला, अंग गार. माकडहाडाखालच्या मांसाला रक्त पोचत नाही आणि इजा आत, हाडाजवळ होते. वर दिसायला ४८ ते ७२ तास लागतात. सासूबाईंचा जांभळा डाग तिसऱ्या दिवशी उमटला, तो या हिशेबात बसतो. भाजलेलं तिसऱ्या दिवसाची वाट बघत नाही, लगेच दिसतं. दिरांना हे जरूर सांगा. अशा डागांना भाजल्याचे डाग समजण्याची गफलत हॉस्पिटलांतही होते.

असाच आणखी एक तक्ता आहे, इंग्लंडमधल्या जुडी वॉटरलो या परिचारिकेचा, १९८५ चा. त्यात ऑपरेशनला वेगळे गुण आहेत. इथे हिशेब उलटा : गुण जास्त, धोका जास्त, आणि १० पासून सावध व्हायचं. ७५ ते ८० वय म्हणून ४, बाई म्हणून २, कमरेखालचं हाडांचं ऑपरेशन म्हणून ५. सासूबाई अकरावर इथेच गेल्या. टेबलावर दोन तासांहून जास्त वेळ गेला तर आणखी ५. हल्ली वय, साखर, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन, ऑपरेशनला लागलेला वेळ असं सगळं घालून कॉम्प्युटरकडून अंदाज काढण्याचंही काम चालू आहे. चांगलंच आहे, पण चादर उचलून टाच बघायला माणूसच लागणार.

आता गुडघ्याचं बोलू. हे ऑपरेशन ठरवून होणार आहे, म्हणजे तयारीला वेळ आहे. तो जेवणाकडे लावा. वजनाच्या दर किलोला सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन रोज पोटात गेलं पाहिजे. ५० किलोच्या बाईला ६२ ते ७५ ग्रॅम. पोळी-भाजी आणि चमचाभर वरण यात ते होत नाही. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, पेलाभर दुधातही जवळपास तेवढंच. दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण, दही, पनीर, भिजवलेल्या मुगाची उसळ. आपल्या इंदुरी नाश्त्यातही नुसत्या पोह्यांपेक्षा उसळ-पोहे बरे, तिखट बेताचं ठेवून. किडनीची काही तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साखर, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन तपासून घ्या. अल्ब्युमिन साडेतीनच्या (ग्रॅम प्रति डेसिलीटर) खाली असेल तर सर्जनशी बोला.

गुडघा बदलल्यावर माझा जीव टाचेत अडकलेला असतो. दुखू नये म्हणून नसेजवळ इंजेक्शन देतात किंवा पाठीत बारीक नळी ठेवतात. पाय बधिर होतो, आणि टाच तासन्‌तास गादीवर टेकून राहते. टाचेला हाडावर मांस नसतंच. फिजिओथेरपिस्ट सांगतील की गुडघ्याखाली उशी नको, पाय वाकडा राहील. ते बरोबर आहे. म्हणून उशी लांबीत, पोटरीपासून घोट्यापर्यंत द्यायची, टाच उशीच्या कडेबाहेर अधांतरी. टाच आणि गादी यांच्यामधून तुमचा हात सहज सरकला पाहिजे. पाण्याच्या हातमोज्यांनी हे होत नाही. टाच त्यांच्यावर टेकलेलीच राहते, शिवाय ते सरकतात आणि फुटतात. बसायची रबरी रिंगही नको, तिच्या कडा रक्त अडवतात. स्पिरिट-पावडर चोळणं आमच्या पिढीला शिकवलं होतं, आता ते सोडलंय. हाडावर लाल झालेल्या जागी चोळलं तर आतलं दुखावलेलं मांस आणखी फाटतं. त्वचा साधी पुसून कोरडी ठेवा, रुक्ष असेल तर क्रीम हलक्या हातानं लावा.

कातडी कशी बघायची ते नीट समजून घ्या, कारण दिवसातून दोनदा हे तुम्हीच करणार आहात. खिडकीचा उजेड नसेल तर मोबाइलची बॅटरी लावा. दोन्ही टाचा, दोन्ही घोटे, माकडहाड, खुब्याच्या बाजू, आणि पायमोज्याच्या, पट्टीच्या, नळीच्या खाली. लाल दिसलं तर बोटानं दाबून सोडा. जागा पांढरी पडून रंग परत आला तर दाब काढला की सुधारेल. दाबूनही लालच राहिली तर इजा सुरू झाली. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हाताची पालथी बाजू लावून दोन्ही पायांची तुलना करा. एक टाच दुसरीपेक्षा गरम किंवा गार, कडक किंवा पिलपिली लागली तर त्याच वेळी सिस्टरना बोलवा, राउंडची वाट बघू नका.

कूस बदलताना पूर्ण कुशीवर वळवू नका, खुब्यावर सगळा भार येतो. पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलवलं की पुरे. पलंगाचं डोकंही जेवणाची वेळ सोडून ३० अंशांपेक्षा वर नको, नाहीतर अंग खाली घसरतं आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते. वर घेताना काखेत धरून ओढायचं नाही. खाली चादर घालून दोघांनी उचलायचं. दवा बाजारातून एअर मॅट्रेस आणली तर तिच्यावर गोधडी आणि चार घड्यांची चादर घालू नका, आणि पंप चालू आहे ना हे येता-जाता बघा. मॅट्रेस आली म्हणजे कूस बदलायची सुट्टी मिळाली असं नाही. आणि डॉक्टर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करायला आले की ‘आज राहू दे, दुखतंय’ असं सासूबाईंच्या वतीनं तुम्ही म्हणू नका. दुखण्याचं औषध आधी द्यायला सांगा आणि त्यांना उभं राहू द्या.

भरतीच्या दिवशी एक गोष्ट न विसरता सांगा : माकडहाडावर आणि उजव्या टाचेवर आधी जखम होऊन गेली आहे. भरलेली कातडी पहिल्यासारखी मजबूत नसते, तिथे पुन्हा व्हायची भीती जास्त. हे फाइलवर लिहून घ्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही वेगळं सांगा, म्हणजे टेबलावर त्या जागांखाली जेलची गादी देता येईल. दोन्ही जागांचे फोटो भरतीच्या दिवशीच काढून ठेवा. ऑपरेशननंतर विचारायला संकोच करू नका, ‘सिस्टर, ब्रेडन आता किती आहे, आणि कुठला रकाना कमी झालाय?’ डावा पाय बधिर असेल तेव्हा सगळं लक्ष त्याच्याकडे जाईल, पण जोर देऊन अंग वर सरकवायला सासूबाई उजवीच टाच रोवणार. तीही रोज बघा.